पत्ता म्हणजे गुन्हेगार नव्हे : पायरसीच्या संशयावरून इंटरनेटचा वेग कापणाऱ्यांना आमचा सवाल



गेल्या वर्षी स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे दिवस होते आणि आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेतले इंटरनेट अचानक रांगायला लागले. बंद पडले नव्हते. बंद पडले असते तर निदान सरळ तक्रार करता आली असती. पान उघडायला पाच मिनिटे, जातीचा दाखला अपलोड करायला घेतला की अर्ध्यावर अडकायचा, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. आमच्या अभ्यासिकेत रोज पस्तीस-चाळीस पोरे-पोरी बसतात. कुणी एमपीएससीचे, कुणी नर्सिंगचे, कुणी बारावीचे. बहुतेकांच्या घरी दहा बाय दहाची खोली आणि सगळ्यांत मिळून एक मोबाईल.

केबलवाल्याला फोन केला. त्याचा मुलगा आला, राउटर बघितला आणि म्हणाला, "लाइन चांगली आहे. तुमच्या इथून टोरंट चालतं, पिक्चर उतरवतात, असं वरून सांगितलंय. म्हणून स्पीड कमी केलाय."

वरून म्हणजे कुणी? "ते आम्हाला नाही सांगत." कोणता पिक्चर, कोणत्या तारखेला? "माहीत नाही." लेखी काही आहे का? नाही. किती दिवस चालणार? "बघू." नवव्या दिवशी वेग आपोआप परत आला. कुणी कळवले नाही, कुणी माफी मागितली नाही. तोवर आमच्या काही मुलींनी घरखर्चातले पैसे मोडून सायबर कॅफेतून फॉर्म भरले होते.

आता खरे तेच बोलू. चाळीस जणांपैकी कुणी एखादा सिनेमा उतरवला असेलही, नसेलही. आम्हाला आजही ठाऊक नाही. पण ज्याने शिक्षा केली, त्यालाही ठाऊक नव्हते. त्याच्याकडे माणूस नव्हता, पुरावा नव्हता. होता तो एक पत्ता. त्या पत्त्यावर बसणाऱ्या सगळ्यांना त्याने सरसकट शिक्षा ठोठावली. हा लेख त्या संशयाबद्दल आणि त्या शिक्षेबद्दल आहे.

अमेरिकेने हे आधी करून बघितले आहे

आमच्या केबलवाल्याने जे तोंडी केले, ते अमेरिकेत बड्या कंपन्यांनी रीतसर करार करून केले. जुलै २०११ मध्ये हॉलीवूडच्या स्टुडिओंची संघटना, संगीत कंपन्यांची संघटना आणि पाच मोठे इंटरनेट पुरवठादार यांच्यात एक समझोता झाला. एटी अँड टी, केबलव्हिजन, कॉमकास्ट, टाइम वॉर्नर केबल आणि व्हेरायझन हे ते पाच. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'कॉपीराइट अलर्ट सिस्टिम' सुरू झाली. लोक तिला 'सहा इशाऱ्यांची पद्धत' म्हणत.

पद्धत साधी होती. चित्रपट आणि संगीत कंपन्यांनी नेमलेली माणसे टोरंटवर नजर ठेवणार. कुठल्या आयपी ॲड्रेसवरून फाइल फिरते ते टिपून पुरवठादाराला कळवणार. पुरवठादार ग्राहकाला इशारा देणार. पहिले दोन इशारे समजावणीचे, पुढचे दोन 'वाचले, समजले' अशी कबुली घेणारे, पाचव्या-सहाव्याला शिक्षा. व्हेरायझनने ठरवलेली शिक्षा म्हणजे दोन-तीन दिवसांसाठी वेग २५६ केबीपीएसवर आणणे.

इथे न्यायालय कुठे आहे? कुठेच नाही. हा कायदा नव्हता. संसदेने तो केला नव्हता, कुठल्या न्यायाधीशाने त्यावर सही केली नव्हती. कंपन्यांनी आपसात बसून दंडसंहिता लिहिली आणि ज्यांना शिक्षा होणार होती त्या ग्राहकांना त्या बैठकीत खुर्ची नव्हती.

ज्याला आरोप मान्य नसेल त्याने काय करायचे? ३५ डॉलर भरून फेरतपासणी मागायची. जिंकलात तर पैसे परत. म्हणजे निर्दोष असल्याचे सिद्ध करण्यासाठी आधी खिशात हात घालायचा. बचावासाठीची कारणेही ठरवून दिलेली. "माझे वायफाय दुसऱ्याच कुणी वापरले" हे कारण तर एकदाच सांगता येई. दुसऱ्यांदा तुमच्या वायफायवर कुणी शिरले तर दोष तुमचा. कळस असा की, ही सगळी तपासयंत्रणा बिनचूक आहे का हे पाहण्यासाठी ज्या 'स्वतंत्र' तज्ज्ञ कंपनीला नेमले, तिने पूर्वी संगीत कंपन्यांच्या संघटनेसाठी लॉबिंग केले होते. बाहेर बोभाटा झाल्यावर दुसरा तज्ज्ञ शोधण्याची वेळ आली.

जानेवारी २०१७ मध्ये ही पद्धत तिच्या जन्मदात्यांनीच गुंडाळली. पण विचार मेला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन पुरवठादाराने संशयित ग्राहकांना पत्रे पाठवली : वेग अगदी किमान पातळीवर आणू, आणि त्यामुळे घरातला थर्मोस्टॅट दुरून चालवण्यात अडचण येऊ शकते. ऐन हिवाळ्यात घर गरम ठेवणारे यंत्र आणि सिनेमाचा संशय, यांचा संबंध काय? काही नाही. धमकी द्यायला हाताशी जे होते ते वापरले.

प्रिंटरने सिनेमा चोरला!

या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे : आयपी ॲड्रेस सापडला म्हणजे चोर सापडला.

२००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी या गृहीतकाची परीक्षा घेतली. त्यांनी एकही सिनेमा उतरवला नाही आणि वाटलाही नाही. तरी त्यांच्याविरुद्ध शेकडो तक्रारी आल्या. मग त्यांनी मुद्दाम असे घडवून दाखवले की, नेटवर्कला जोडलेल्या छापखान्याच्या यंत्रावर, म्हणजे साध्या प्रिंटरवर, चोरीची नोटीस आली. ज्या यंत्राला सिनेमा बघायला डोळे नाहीत आणि साठवायला जागा नाही, त्याच्यावर आरोप!

आपल्याकडे तर गोंधळ आणखी मोठा. आपल्या पुरवठादारांकडे सार्वजनिक पत्ते अपुरे असतात. म्हणून एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवलेले असतात. मोबाईल डेटा वापरणाऱ्या बहुतेकांचे असेच असते. त्यातला नेमका कोण, हे सांगायला अचूक वेळेची आणि जोडणीची नोंद लागते. आणि नोंद सापडली तरी ती एका घरापर्यंत, एका होस्टेलपर्यंत, एका अभ्यासिकेपर्यंत येऊन थांबते. त्या दाराच्या आत कोण, हे कुठलाही आयपी ॲड्रेस सांगत नाही.

मित्रांनो, पत्त्यावरून गुन्हेगार ठरवणे आपल्याला नवे आहे का? १८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट केला. अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काय केले हे बघायचे नाही. तो कुठल्या जमातीचा आणि कुठल्या पालातला, एवढे बघायचे. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली. हजेरी लावायची, पोलिसांना विचारल्याशिवाय गाव सोडायचे नाही. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, त्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाल्या. आजही चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. आजही "कुठे राहता?" या प्रश्नाचे उत्तर दिले की समोरच्याची नजर बदलते, हा अनुभव आपल्यातल्या कुणाला नाही?

वेग कमी होणे आणि तारेच्या कुंपणात राहणे सारखे आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे भटक्या-विमुक्तांच्या यातनांचा अपमान होईल. आमचे म्हणणे असे की विचार करण्याची रीत तीच आहे. आधी पत्ता, मग संशय, मग सगळ्यांना मिळून शिक्षा. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही याला सामूहिक शिक्षा म्हणायला शिकलो. वस्तीत त्याचे नाव शिकायची गरज नव्हती.

फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद एकच

आता दुसरा मुद्दा. समजा संशय खरा आहे. तरी शिक्षा कुणी करायची?

जातपंचायत कशी चालते आठवा. तक्रार पंचांच्या कानावर जाते. पंच ठरवतात. पंचच दंड करतात. दंड नाही भरला तर वाळीत टाकतात : पाणी नाही, दुकानात माल नाही, लग्नाला-मयताला माणूस नाही. दाद मागायची तर त्याच पंचांकडे, आणि त्यासाठीही आधी पैसे ठेवायचे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो याचसाठी. शिक्षा देण्याचा अधिकार राज्यघटनेने न्यायालयाला दिला आहे. पंचांना नाही, मग ते धोतरातले असोत की सुटाबुटातले.

सहा इशाऱ्यांची पद्धत आणि ही पंचायत शेजारी ठेवून बघा. फिर्याद कंपन्यांची, पुरावा कंपन्यांनी गोळा केलेला, निवाडा कंपन्यांच्या करारानुसार, शिक्षा कंपनीच्या बटणावर आणि अपिलाची फी ३५ डॉलर. याला इंटरनेटची जातपंचायत म्हणू नये तर काय म्हणावे?

फ्रान्समध्ये सरकारनेच असा कायदा आणला होता. 'हादोपी' नावाचे प्राधिकरण आधी इशारे देणार आणि मग न्यायाधीशाकडे न जाता थेट जोडणी तोडणार, अशी त्यात तरतूद होती. १० जून २००९ रोजी तिथल्या घटना परिषदेने ती उडवून लावली. परिषदेने १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेतला आणि दोन गोष्टी सांगितल्या : आज इंटरनेट वापरता येणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्ये आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही आहेत. मग आपल्या नागरिकाला यापेक्षा कमी संरक्षण का असावे?

"लाइन कंपनीची आहे, मर्जी कंपनीची" असे कुणी म्हणेल. हा युक्तिवाद आम्ही ऐकलेला आहे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर सनातनी कोर्टात गेले, तेव्हा चवदार तळे खाजगी आहे असेच त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी तो दावा दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. ज्यावाचून माणसाचे चालत नाही, ते कुणाच्या मर्जीवर सोडायचे नसते, हे आपण तेव्हापासून जाणतो. आज स्कॉलरशिप, रेशनकार्ड, जात पडताळणी, परीक्षेचे हॉलतिकीट, नोकरीचा अर्ज, सगळे सरकारनेच ऑनलाइन केले. सरकारने खिडकी बंद करून तुम्हाला त्या लाइनकडे पाठवले, तेव्हाच ती लाइन सार्वजनिक पाणवठा झाली.

भारतात धोका कुठे आहे?

आपल्याकडे सहा इशाऱ्यांसारखी अधिकृत पद्धत अजून आलेली नाही. पण दार किलकिले झाले आहे.

१० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्हीच्या खटल्यात पायरसीच्या संकेतस्थळांविरुद्ध निकाल दिला. ती संकेतस्थळे बंद करण्याचा भाग आपण बाजूला ठेवू. त्याच निकालात न्यायालयाने केंद्र सरकारच्या खात्यांना एक धोरण तपासून बघायला सांगितले : असा मजकूर बघणाऱ्या प्रेक्षकांना आधी इशारा द्यायचा आणि तरी ते थांबले नाहीत तर दंड करायचा. संकेतस्थळाकडून प्रेक्षकाकडे बोट वळले ते इथे. पहिले पाऊल इशाऱ्याचे असते, अमेरिकेतही तसेच होते.

इंटरनेटवर सरसकट दांडपट्टा चालवला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१२ मध्ये 'कोलावेरी डी' गाण्याने गाजलेल्या '३' या तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयातून अज्ञात इसमांविरुद्ध आदेश आला. पुरवठादारांनी तो असा राबवला की व्हिमिओसारखी संपूर्ण संकेतस्थळे बंद झाली. चोरीशी काही देणेघेणे नसलेल्या लाखो लोकांचे व्हिडिओ गेले. शेवटी जूनमध्ये न्यायालयालाच सांगावे लागले की संपूर्ण संकेतस्थळ नव्हे, नेमका दुवा दाखवा आणि तेवढाच बंद करा.

खरे म्हणजे आपल्या कायद्यात शहाणपण आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद असे सांगते की, तक्रार आल्यावर मध्यस्थ कंपनीने तो मजकूर २१ दिवस थांबवायचा. तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर पुन्हा खुला करता येतो. म्हणजे कोर्टाची पायरी चढण्याची जबाबदारी तक्रारदारावर आहे. वेग कापण्याची पद्धत ही जबाबदारी उलटी करते. तक्रारदार घरी बसणार आणि वस्तीतल्या पोराने आपण चोर नाही हे सिद्ध करत फिरायचे.

नेट न्यूट्रॅलिटीचे काय? २०१६ मध्ये ट्रायने फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'ला रोखले आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे मान्य केली, ही मोठी कमाई आहे. पण त्या नियमांचा रोख मजकुरामजकुरात भेद करण्यावर आहे. संशयावरून एखाद्या ग्राहकाची अख्खी लाइन हळू केली तर सुनावणी कुठे मागायची, हे त्यात सांगितलेले नाही. ही फट बुजवायची मागणी आपण केली नाही तर ती दुसरे कुणी वापरतील.

"वेगच तर कमी केला, बंद कुठे केले?"

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी दोन जोडण्या असतात. एक हळू झाली तर तो दुसरीवर जातो.

२५६ केबीपीएस म्हणजे काय ते हिशेबाने बघा. ५० एमबीची एक पीडीएफ उतरवायला जवळजवळ २६ मिनिटे, तीही दुसऱ्या कुणी हात लावला नाही तर. व्हिडिओवरचा तास विसरा. अभ्यासिकेत चाळीस जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल ते तुम्हीच काढा.

काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ नंतर इंटरनेट बंद झाले. जानेवारी २०२० पासून टप्प्याटप्प्याने आले तेही २जी आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत बहुतेक भाग त्याच वेगावर राहिला. मधे कोरोना आला, शाळा मोबाईलवर गेल्या. तिथले कारण वेगळे होते, पण मंद वेग ही पूर्ण शिक्षा असते, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटच्या माध्यमातून केलेली अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना कलम १९ चे संरक्षण आहे. त्याआधी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने होस्टेलमध्ये मोबाईल वापरावरून काढून टाकलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी जोडला. कंपनीने संशयावरून जे कापले ते या हक्कातून कापले.

मग तुमचा चोरीला पाठिंबा आहे का?

नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आमच्याच काही मित्रांना "बड्या कंपन्यांचा माल, लुटा" असे बोलण्याची सवय आहे. आम्हाला ते मान्य नाही.

आपली चळवळ गाण्यावर उभी राहिली. वामनदादा कर्डकांची गाणी खेड्यापाड्यांत वाजली. कॅसेटच्या काळात आपल्या कितीतरी गायक-शाहिरांनी थोड्या एकरकमी पैशांत गाणी दिली आणि पुढे कंपनीने कितीही विकले तरी त्यांच्या हाती काही आले नाही. आज त्यांचीच गाणी कुणीही उचलतो, आपले नाव लावतो आणि चॅनेलवर टाकतो. आपल्या शाहिराच्या घामाचे दाम त्याला मिळालेच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला, तो आपल्या कलावंतांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.

पण कुणाचा वेग कापल्याने कुठल्या शाहिराच्या घरी पैसा आला? फ्रान्सचा हिशेब बघा. हादोपीवर दहा वर्षांत सुमारे ८ कोटी २० लाख युरो सरकारी पैसा खर्च झाला आणि दंड जमा झाला सुमारे ८७ हजार युरो. तोही सरकारी तिजोरीत, कलावंताच्या खिशात नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये कॉक्स या पुरवठादाराला संगीत कंपन्यांच्या दाव्यात ज्यूरीने तब्बल १०० कोटी डॉलरची भरपाई लावली. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पण त्या आकड्याने पुरवठादारांना धडा दिला : ग्राहकावर जरासा संशय आला तरी आधी त्याला कापा, आपली मान वाचवा. दोन हत्तींच्या भांडणात गवत तुडवले जाते, ते गवत आपण आहोत.

आणि सगळीच नक्कल चोरी नसते, हेही ठणकावून सांगितले पाहिजे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी खटला भरला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिक्षणासाठी अभ्यासक्रमातल्या पानांच्या प्रती काढायला कायद्यात मुभा आहे, हे मान्य झाले. झेरॉक्सवर शिकलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचा तो विजय होता.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली तेव्हा त्यांनी ते भाषण पदरच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. आज त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर कॉपीराइट उरलेला नाही. १ जानेवारी २०१७ पासून ते सर्वांचे झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड मात्र दुकानात वर्षानुवर्षे मिळत नाहीत. छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. म्हणून आपली पोरे पीडीएफ उतरवतात. सगळे खंड मिळून मोठी फाइल, कधी टोरंटवरूनही. दुरून बघणाऱ्या यंत्राला त्यात आणि सिनेमात काय फरक कळणार?

कळत नाही, याचा पुरावा आहे. २००७ मध्ये कॉमकास्ट टोरंटचा वेग गुपचूप तोडत होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चाचणीसाठी मुद्दाम कुणाच्याही मालकीचे नसलेले पुस्तक निवडले : किंग जेम्स बायबल. तेही अडवले गेले. जिथे बायबल सुटले नाही, तिथे बाबासाहेबांचे खंड सुटतील?

आपण काय करायचे?

रडगाणे गाऊन थांबणे ही आपली रीत नाही. आमच्या मागण्या या आहेत :

१. न्यायालयाच्या किंवा कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाच्या आदेशाशिवाय पायरसीच्या संशयावरून कुणाचाही वेग कमी करू नये.

२. आरोप असेल तर लेखी, ग्राहकाच्या भाषेत : कोणती फाइल, कोणती तारीख, किती वाजता, तक्रार कुणाची.

३. केवळ आयपी ॲड्रेस हा पुरावा धरू नये.

४. बाजू मांडण्यासाठी फी नको. खोटी तक्रार करणाऱ्याला दंड हवा.

५. ग्रंथालये, अभ्यासिका, होस्टेल, विहार अशा सामाईक जोडण्यांवर एकासाठी सगळ्यांना शिक्षा चालणार नाही.

आणि हे होईपर्यंत प्रत्येक अभ्यासिकेने एवढे करावे. वेग संशयास्पद वाटला की ट्रायच्या मायस्पीड ॲपवर रोज मोजा, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या. तोंडी बोलण्यावर थांबू नका. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला फी नाही. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. टेलिकॉम कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर आपणही एक नियम लावा : इथे कलावंताचा माल फुकट उतरवायचा नाही. आपली बाजू स्वच्छ असेल तर आवाज मोठा निघतो.

त्या नऊ दिवसांत आम्ही यातले काहीच केले नव्हते. केबलवाल्याच्या पोराशी वाद घातला आणि घरी आलो. तो पोरगा तरी काय करणार, त्यालाही वरूनच सांगितले होते. चूक आमची झाली की "वरून" या शब्दापुढे आम्ही थांबलो. "वरून आलेले" निमूट मानायचे नाही, कागद मागायचा, कलम विचारायचे, हेच तर बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. आता विहाराच्या कपाटात एक वही ठेवली आहे. रोजचा वेग, तारीख, वेळ. एक दहावीतली मुलगी ती लिहिते. पुढच्या वेळी "बघू" म्हणणाऱ्यासमोर आम्ही ती वही उघडणार आहोत.

जय भीम! जय संविधान!